चिंचेनं घासलेली राणी

राणीछाप रुपया मी चिंचेनं घासला. आधी चिंच लावून अर्धा तास ठेवला, मग मीठ, मग भांड्यांची पावडर, आणि राणीच्या नाकाखाली काळं राहिलं होतं ते जुन्या टूथब्रशनं काढलं. शंभराच्या वर वय असलेली ती बाई माझ्या हातून न्हाऊन स्टीलच्या चमच्यासारखी लखलखत बाहेर आली आणि मी स्वतःवरच खूश झाले. तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, मुलानं नवा फोन घेऊन दिलेला, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटायचं ते वय.

रुपया त्या फोनवरूनच मागवला होता. त्याआधी दोन गाऊन आणि लिंबू पिळायचं एक यंत्र मागवलं होतं. तिन्ही वस्तू ठीक निघाल्या, त्यामुळे माझी भीड चेपली होती. चित्राखाली लिहिलं होतं, अस्सल, दुर्मिळ, जुन्या घराण्यातला. कुठल्या घराण्यातला ते लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. चाळीस वर्षं मुलांना 'प्रश्न विचारा रे, प्रश्न विचारा' म्हणून डोकं खाणारी मी.

मागवण्याचं कारण म्हणजे माझा ताठा. आमच्या घरात बारशाला पाळण्यात, बाळाच्या उशीखाली, चांदीचा राणीछाप रुपया ठेवायची रीत आहे. रुपया एकच, पिढ्यानपिढ्या तोच. बारसं झालं की काढून हळदीच्या पुडीत परत ठेवायचा. तो असतो केळव्याला, माझ्या मोठ्या जावेकडे. त्यांना मी वहिनी म्हणते. वाटण्या झाल्या तेव्हा वहिनींनी रुपया माझ्यापुढे धरला होता, की तुला हवा तर तू घे. मी पालघरची, शिकलेली, नोकरीवाली. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच, मला काय करायचाय. पुढं बोईसरला मुलाकडे राहायला आले, सुनेला मुलगी झाली, सुनेचं माहेर लांब म्हणून बारसं आमच्याकडेच ठरलं, तेव्हा कळलं की मला त्याचं पुष्कळ काही करायचं होतं. पण आता मागायचा कुठल्या तोंडानं? म्हणून फोनवरून घराणं विकत घेतलं, आणि फोनवरूनच सगळ्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं की आमचाही रुपया आहे हो, अस्सल.

माझ्या मिस्टरांनी तो घासलेला रुपया हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि एवढंच म्हणाले, "जुना रुपया फारच नवा आहे गं."

मग मी काटेवाल्यांकडे गेले.

काटेवाले म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचे वजनकाटे दुरुस्त करणारे. त्यांचं नाव आडनाव असणारच, पण सगळे काटेवालेच म्हणत. झेरॉक्सचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या सहा फुटांत त्यांचा संसार होता. मूळ मासवणचे. तारापूरच्या कारखान्यांतल्या एका प्रयोगशाळेत उभा जन्म पांढऱ्या पुड्या तोलण्यात गेला. पुड्या कसल्या ते त्यांना कुणी सांगितलं नाही, किती ते त्यांनी कधी चुकवलं नाही. अंगानं काडी, मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेला. कान मात्र देवानं दुसऱ्या कुणा थोराड माणसासाठी करून ठेवलेले चुकून यांना लागले असावेत.

हा माणूस सगळं तोलायचा. डब्यातली भाकरी तोलायचा. समोरच्या दोन गाड्यांवरचे वडे तोलायचा, आणि कुठला वडा हलका झाला ते गाडीवाल्याला न रागावता जाऊन सांगायचा. पावसाळ्यात वर्तमानपत्र किती ग्रॅमनं जड होतं हे त्यांना माहीत होतं. लग्नाची पत्रिका आली की आधी काट्यावर जायची, मग उघडली जायची.

तोलताना पंखा बंद. बोईसरच्या उकाड्यात पंखा बंद करून चार गिऱ्हाइकं घामानं निथळत उभी असायची आणि कुणी बोलायचं नाही, कारण बारीक काटा वाऱ्यानं हलतो. माझं तोंड बंद राहणं अवघड. मला ते सरळ भिंतीकडे तोंड करून बसवायचे. "बाई, श्वास तिकडे सोडा." मी इतक्या मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलंय, त्या सगळ्यांनी मिळून हा माणूस माझ्यासाठी नेमला असावा. मग आकडा यायचा, आणि तो ते स्टेशनवरच्या घोषणेसारखा खणखणीत वाचायचे. आकड्यापुढे एक शब्द नाही. कुणी विचारलं, बरं आहे का, महाग आहे का, तर ठरलेलं उत्तर, "मी वजन सांगतो. बाकीचं तुमचं तुम्ही."

मासळीबाजारातली एक बाई एकदा काटा घेऊन आली. दुरुस्त कर, पण पन्नास ग्रॅम माझ्याकडं सरकव ना, दादा, असं तिनं अगदी लाडानं सांगितलं. काटेवाल्यांनी शांतपणे विचारलं, दिवसाला गिऱ्हाइकं किती? ती म्हणाली, तीस-चाळीस. "मग रोज दोन किलो पापलेट मला आणून द्या. मी ते त्यांच्या घरी पोचवत जाईन." बाईनं त्यांच्या सगळ्या पूर्वजांची नावं न घेता आठवण काढली. रस्त्यावर गर्दी जमली. काटेवाले त्या गोंधळात स्क्रू घट्ट करत होते. पुढच्या वर्षी वजनमापाच्या तपासणीआधी तीच बाई तोच काटा घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच आली, कारण यांच्या हातून गेलेला काटा तपासणीतून कधी परत फिरत नसे.

माझी जोडवीही त्यांनी तोललेली. पाय सुजायला लागले तेव्हा ती सैल करायला सोनाराकडे द्यायची होती. सासूबाईंनी लग्नात घातलेली जोडवी ती. लग्नात मला ती इतकी जाडीभरडी वाटली होती की महिनाभर मी तोंड फुगवून हिंडत होते. माझ्या मैत्रिणींच्या पायांत घुंगरांची नाजूक जोडवी, आणि माझ्या पायांत जणू बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. काटेवाल्यांनी दुकानावरून जाताना मला थांबवलं. सोनाराकडे जायच्या आधी वजन, आल्यावर पुन्हा वजन, हा त्यांचा आसपासच्या सगळ्या बायकांना फुकट सल्ला. "अकरा ग्रॅम वीस," त्यांनी पुकारा केला. मग जरा खालच्या आवाजात, "तोळ्याला थोडी कमी. चालून चालून झिजलीत." सोनाराकडून आल्यावरही अकरा वीस. सोनाराला हे कळलं तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

नाण्यांचा नाद त्यांना कधी लागला ते माहीत नाही. पण फोनवरून जुनी नाणी मागवायची साथ आली तशी बोईसरभरची फसलेली माणसं त्यांच्या दारात यायला लागली. त्यांची तपासणी बघण्यासारखी. आधी लोहचुंबक. मग वजन. मग भिंगातून कड. ओतून केलेलं नाणं असलं तर कडेला बारीक शिवण दिसते आणि तोंडावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. मग अक्षरं. जुन्या रुपयांवर नुसती राणी, पुढच्यांवर सम्राज्ञी. नकली करणारे घाईत असतात, वर्ष एका काळातलं घालतात आणि किताब दुसऱ्या काळातला. शेवटी पाणी. भांडं भरून काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्यानं पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. मग जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. दहा आणि साडेदहाच्या मधे उत्तर आलं तर रुपयाची चांदी. भागाकार ते मनात करायचे. मला करायला लावला तेव्हा मी कागद मागितला.

आणि इतकं सगळं करून खरं की खोटं ते सांगायचे नाहीत. नाणं खरं असलं तर कागदावर ठेवून परत देत. खोटं असलं तर हळूच विचारत, "हे मला द्याल का?"

त्यांना खोटी नाणी जमवायचा छंद होता. औषधांच्या दुकानातलं एक जुनं कपाट होतं, त्यात काड्यापेटीच्या एकेका खोक्यात एकेक. लक्ष्मीपूजनाला सगळी काढून पाटावर मांडायचे आणि हळदकुंकू वाहायचे. मी हसले तर म्हणाले, "खऱ्यांची पूजा घरोघर होते, बाई. यांना कोण आहे?"

पण या विचारण्यानं घोटाळे व्हायचे. कारखान्यातला एक कामगार एकदा मारुतीचं चित्र असलेला 'कंपनी सरकारचा' आणा घेऊन आला. अर्धा पगार घालून मागवलेला. काटेवाल्यांनी सगळं केलं आणि प्रेमानं विचारलं, "भैया, ये मेरे को दोगे?" त्या माणसाचा चेहरा उजळला. एवढा जाणकार माणूस मागतोय म्हणजे लाखाचाच ऐवज. तो नाणं मुठीत घट्ट धरून मागे सरकला. त्याला बसवून, चहा पाजून, खरं काय ते गळी उतरवायला काटेवाल्यांना तास लागला. शेवटी तोच म्हणाला, "रख लो चाचा, आपके पास बजरंगबली अकेले नहीं रहेंगे." मी तिथंच भिंतीकडे तोंड करून बसले होते, म्हणून मला या विचारण्याचा अर्थ कळला.

तर असा मी माझा रुपया नेला. बारसं चार दिवसांवर. काटेवाल्यांनी तो चिमट्यात धरला, बराच वेळ बघितला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय.

"कशानं घासलात?"

मी सांगितलं. टूथब्रशपर्यंत सगळं.

"बाई, नाण्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. तुम्ही वयच धुऊन टाकलंत. आता हा साक्ष कशाची देणार?"

चुंबकाला चिकटला नाही. वजन अकरा ग्रॅम चोपन्न. खरा रुपया तोळाभराचा, म्हणजे साडेअकराच्या आसपास. मी आनंदानं वळले, तर त्यांनी पुन्हा भिंत दाखवली. वजन काय, नकली करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. त्यांना अक्षरं जुळवून बघायची होती, आणि त्यासाठी हवा होता एक खात्रीचा, एकाच घरात राहिलेला, कधी विकला न गेलेला रुपया. त्यांच्या कपाटात साठ रुपये होते, पण साठही खोटे. खरा एकही नाही. असला वैद्य मी दुसरा पाहिला नाही, ज्यानं फक्त आजारी माणसंच पाहिली आहेत.

खात्रीचा रुपया एकच मला माहीत होता.

वहिनींना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "काय गो, तू फोनवरना मागवलास ना?" आणि मी जे काही बोलले त्यातलं अर्धं त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. रुपया कुणाच्या हाती पाठवणार नाय, मीच येते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दहाला केळव्याहून रिक्षा आणि बस करत हजर. पंच्याहत्तरीच्या बाई, हातात शहाळी, कमरेला पुडी.

दुकानात पंखा बंद झाला. काटेवाल्यांनी नाणं कडेनं धरा म्हटलं तशी वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरची सात पोरं याच्यावर निजली. माझी तीन, हिची दोन, माझी नातवंडं दोन. तवा कुनी कडेनं धरला नाय." आणि चांगला मुठीतून काढून काउंटरवर ठेवला. हळदीनं पिवळा झालेला, मधोमध गुळगुळीत.

काटेवाल्यांनी दोन्ही रुपये शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. मी भिंतीकडे वळलेली, पण चपलांच्या दुकानाच्या आरशात मला सगळं दिसत होतं.

"अक्षरं जुळत नाहीत," ते म्हणाले.

तीन दिवसांनी पाहुणे येणार, आणि मी पन्नास जणांना फोनवरून सांगून बसलेली. शेजारी वहिनी, आयुष्यभराचा खात्रीचा रुपया घेऊन. आता काटेवाले हळूच मला विचारणार, 'हे मला द्याल का?' आणि वहिनी केळव्याच्या प्रत्येक वाडीत ही गोष्ट सांगणार. मी तरी तेच केलं असतं.

त्यांनी माझा रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. एक ग्रॅम बारा. मनातल्या मनात भागाकार केला. कागदावर ठेवला. माझ्यापुढे सरकवला. काही विचारलं नाही.

मी श्वास कुठं सोडला ते आठवत नाही, पण काटा हलला असणार.

मग त्यांनी वहिनींचा रुपया काट्यावर ठेवला. मी आरशात बघत होते. आकडे उलटे दिसत होते, पण उलटे आकडे वाचणं ही शिक्षकांची जुनी सवय. नऊ ग्रॅम बेचाळीस. मी पुन्हा वाचला. नऊ बेचाळीस. खात्रीचा रुपया, आणि दोन ग्रॅम हलका. वहिनी पदरानं घाम पुसत होत्या आणि काटेवाल्यांकडे बघत होत्या, पोराचं प्रगतिपुस्तक वाचणाऱ्या गुरुजींकडे बघावं तशा.

काटेवाल्यांनी आकड्यांवर हात ठेवला.

"अकरा ग्रॅम पन्नास," त्यांनी पुकारा केला. मग रुपया दोन्ही हातांनी उचलून वहिनींच्या तळहातावर ठेवला, मुठीतच, कडेनं नव्हे, आणि पंखा चालू केला. पाणी नाही, भागाकार नाही, आणि ते विचारणंही नाही. पन्नास ग्रॅम पापलेटासाठी रस्त्यावर तमाशा सोसलेला माणूस दोन ग्रॅम खोटं बोलला, आणि मी त्याची एकटी साक्षीदार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खाली जाऊन विचारलं, काटेवाले, काल ते नऊ बेचाळीस होते ना? ते एका तराजूची साखळी सरळ करत होते. "काल व्होल्टेज कमी होतं, बाई," म्हणाले. तो काटा बॅटरीवर चालतो. चार वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच मी आपणहून गप्प बसले.

काटेवाले आता मासवणला असतात. दुकान बंद केलं, भावाबरोबर शेती बघतात, भात तोलतात. कपाटही नेलं. अजून त्यांचा फोन येतो, आणि नातीचं वजन विचारतात. नात आता शाळेत जाते. मी आकडा सांगितला की पलीकडे पान उलटल्याचा आवाज येतो. वहीत लिहून घेत असावेत.

बारशाला पाळण्यात दोन रुपये ठेवायची वेळ आली नाही. माझा मी डब्यात ठेवला, कुणी विचारलं तर सापडत नाही म्हणायचं ठरवून. वहिनींनी आपली पुडी सोडली आणि पिवळा रुपया नातीच्या उशीखाली सरकवला. मी पाळण्याची दोरी धरून उभी. माझ्या डब्यात खरी चांदी होती आणि तोंडात सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि मी दोन्ही झाकून ठेवल्या, याचं मला इतकं कौतुक वाटत होतं की पाळणागीताचं एक कडवं मी दोनदा म्हटलं. पाहुणे गेले. सून आत बाळाला घेऊन झोपली. मी घुगऱ्यांच्या वाट्या गोळा करत होते आणि वहिनी जमिनीवर बसून रुपया पुन्हा हळदीत गुंडाळत होत्या. सासूबाईंना त्या आय म्हणत. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"गप बसलीस ते बरं केलंस. खोटा हाय तो, मला ठाव हाय. मनोरच्या बाजारातना आयनं आनि मीच आनलेला. खरा तुझ्या लग्नात आटवला. पालघरची शिकलेली सून येते, तिच्या पायात हलकं कसं घालाचं, म्हनून आयनं रुपया सोनाराला दिला आनि जोडवी करून घेतली. आनि तू म्हैनाभर तोंड फुगवून बसलीस. आता खाली काय बघतंस, हायत ना पायात? तुझी दोन्ही पोरं या खोट्यावरच निजली, काय वाईट झालं त्यांचं? आनि तुझा तो काटेवाला मानूस लय चांगला हाय गो, पन आकडा बोलला तवा कान बघितलेस त्याचे, उकडल्या खेकड्यासारखे लाल. त्याला सांग, पुढच्या टायमाला खोटं बोलाचं असंल तर कानटोपी घालून बस."